झोपेची हजेरी

बाईंनी मला घर भाड्यानं दिलं ते माझी झोप विचारून.

अकोल्याहून अमरावतीला माझी बदली झाली होती. साईनगरच्या अंगानं मी खोली शोधत फिरत होते आणि घरमालकांचे प्रश्न एव्हाना मला पाठ झाले होते. नोकरी कुठे, आडनाव काय, पाहुणे किती येतात, मटण शिजवता का. एका फाटकाशी सत्तरीला टेकलेल्या, उंच, काटक बाई उभ्या होत्या. अंगात सुती पंजाबी ड्रेस आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. भर दुपारी स्वतःच्या अंगणात बूट घालून उभी असलेली बाई मी तोवर पाहिली नव्हती. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं,

"रात्री झोपते कितीक?"

मला वाटलं, विजेच्या बिलाचं काही असेल. मी म्हटलं, "लवकर झोपते. तुम्हाला त्रास होणार नाही."

"माह्या त्रासाचं नाही विचारून राहिली मी. तुयं विचारून राहिली. झोप लागते का?"

"लागते. सहा तास, कधी साडेसहा."

"अन् उठल्यावर कंबर?"

"कंबर ठीक आहे."

"मंग ये. वरची खोली पाहून घे."

आडनाव त्यांनी विचारलंच नाही. ते त्यांना महिनाभरानं कळलं, तेही माझं टपाल चुकून त्यांच्या हाती पडलं म्हणून. टपाल देताना त्या एवढंच म्हणाल्या, "गादी फार मऊ आहे तुयी. मी पाहिली. बदल." म्हणजे मी कचेरीत असताना त्या खोलीत येऊन माझी गादी गुडघ्यानं दाबून पाहून गेल्या होत्या. मला राग आला. पण गादी खरंच मऊ होती, आणि मी ती बदलली.

मुलींच्या एका शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी वस्ती त्यांना पी.टी. बाई म्हणायची. नवरा लवकर गेला, मुलगा पुण्याला. आवाज असा की रस्त्यानं जाणारा भाजीवाला त्यांनी शेजारणीला मारलेल्या हाकेनं थांबायचा. बाई जाऊन आता दोन वर्षं होत आली, पण अजूनही मी टेबलावर ओणवी होऊन लिहीत बसले की पाठीमागून कोणीतरी "मणका" म्हणेल असं वाटतं. त्या एवढंच म्हणायच्या. मैदानभर पोरींना ऐकू जावं म्हणून त्यांना शब्द तोडून बोलायची सवय लागली होती. "मणका." "मान." "श्वास." समोरच्यानं पुढचं समजून घ्यायचं.

इतर लोक भेटल्यावर जेवणाचं विचारतात. बाई विचारायच्या, "झोप झाली का?" सिलिंडर आणणाऱ्याला, बँकेच्या मॅनेजरला, दर्यापूरच्या बसमध्ये शेजारी येऊन बसलेल्या अनोळखी म्हातारीला. एकदा मी त्यांच्याबरोबर एका लग्नाला गेले होते. नवरा-नवरीला आशीर्वाद देऊन झाल्यावर बाई नवरीच्या आजीकडे वळल्या आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तू झोपली नाही ना व रात्री? आत्ता बसताना गुडघा धरला तू, मी पाहिलं." आजीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिथेच, स्टेजवर, आपल्या गुडघ्यांचं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मागे आहेराची रांग खोळंबली. फोटोवाल्यानं दोघींना हाताला धरून बाजूला केलं. बाजूला जाऊनही ते बोलणं संपलं नाही, आणि आमची जेवणाची पंगत हुकली.

त्यांचं म्हणणं तसं साधं होतं. म्हाताऱ्या माणसाचे सांधे आणि पाठ धरतात, त्यामागे झोप असतेच असते, असं त्या म्हणत. "दुखते म्हणून झोप नाही, अन् झोप नाही म्हणून दुखते. यातलं पहिले कोण आलं हे शोधत बसलं तर सकाळ होते. दुखणं काही हातात येत नाही. झोप येते. ते पकडा."

आणि हे त्या नुसतं बोलत नव्हत्या. घरामागच्या शाळेच्या मैदानावर रोज पहाटे वस्तीतली म्हातारी माणसं जमायची. कोणाचा गुडघा, कोणाची कंबर, कोणाचा खांदा. बाई समोर उभ्या राहायच्या आणि हजेरी घ्यायच्या. नावांची नाही, झोपेची.

"कमीवाले इकडे. जास्तवाले तिकडे. मधले माह्या समोर."

रात्री पाच तासही डोळा लागला नाही ते कमीवाले. त्यांना भिंतीशी नेऊन पाठ टेकवायला लावायच्या आणि श्वास, मान, खांदे, घोटे एवढंच हलकं काम द्यायच्या. नऊ-दहा तास अंथरुणात काढून आलेले ते जास्तवाले. त्यांनी मैदानाच्या कडेनं चालायचं, हात हलवत, गप्पा मारत, पण थांबायचं नाही. मधल्यांचा खरा व्यायाम. याचा परिणाम असा झाला की मधल्या रांगेत उभं राहणं हा मान झाला. महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ रोज मधे उभे राहायचे आणि जांभया द्यायचे. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"कितीक झाली?"

"सात तास, बाई."

"डोळे पाह्यले का आरशात? हा निकाल नाही लावून राहिली मी. यात कोणी पास नाही, कोणी नापास नाही. जा भिंतीपाशी."

गृहस्थ मुकाट्यानं भिंतीशी गेले. एके काळी सगळी तहसील त्यांना भीत होती, असं मी ऐकून होते.

मी एकदा बाईंना विचारलं, "कमी झोपणाऱ्यांचं मला समजतं. पण जास्त झोपणाऱ्यांना काय झालं? झोप चांगलीच ना?"

तेव्हा त्यांनी स्वतःचं सांगितलं. नोकरी, मोठं सासर, पहाटेचा स्वयंपाक, संध्याकाळच्या मॅची. भर उमेदीची सगळी वर्षं त्या चार तास झोपल्या आणि ते मिरवत राहिल्या. निवृत्तीच्या सुमारास पाठ धरली ती इतकी की नळाखालची बादली उचलता येईना.

"डॉक्टरकडे गेली तर ते गोळी लिहिण्याआधी झोपीचं विचारत बसले. मले राग आला. मी म्हटलं, पाठ दाखवाले आली मी, झोप नाही. ते म्हणे, म्हाताऱ्या माणसायमंदी फार कमी झोपते त्याचंही जास्त दुखते, अन् फार जास्त पडून राहते त्याचंही. कशामुळं काय होते ते पक्कं ठाऊक नाही. पण दोन्ही सोबत दिसते." बाई पुढे म्हणाल्या, "पक्कं ठाऊक नाही, असं म्हणणारा डॉक्टर मले पहिल्यांदाच भेटला. म्हणून त्याचं ऐकलं मी."

ऐकलं, पण आपल्या पद्धतीनं. झोप वाढवायची म्हणून त्यांनी अंथरूणच धरलं. कमरेला पट्टा बांधून दिवसाचा अर्धा भाग पडून. "लाकूड झाली मी. कूस बदलाची तर पलंगाची दांडी धरा लागे. दोन्ही रांगायमंदी उभी राहून आली मी, तवा मधे आली. म्हणून म्हणतो, जास्तवाल्यायलेही उठवा लागते."

बाई चुकायच्याही. चाचांच्या बाबतीत त्या चुकल्या.

चाचांचं शिलाईचं दुकान होतं, शाळेच्या गणवेशांचं. बाईंच्या शाळेच्या पोरींचे कितीतरी गणवेश त्यांच्या हातचे. मग तयार कपडे आले, चाचांची नजर अधू झाली, आणि मुलांनी त्या जागेत मोबाईलच्या कव्हरांचा काउंटर टाकला. मुलं चांगली होती. अब्बा, आता आराम करा, म्हणाली. चाचा आराम करू लागले. रात्रीची नमाज झाली की पडत, पहाटेची झाली की पुन्हा पडत, ते ऊन दारात येईपर्यंत. कंबर इतकी आखडली की नमाजही खुर्चीवर बसून होऊ लागली. सुनेनं त्यांना मैदानावर पाठवलं. बाईंनी त्यांना जास्तवाल्यांत घातलं आणि एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चाचा, एवढं तर माह्या शाळेतल्या आळशी पोट्ट्याही झोपत नव्हत्या."

लोक हसले. चाचाही हसले. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

बाईंनी काही दिवस वाट पाहिली. मग एका रविवारी मला म्हणाल्या, "चाल माह्यासोबत." चाचांच्या घरी सून दार उघडायला आली. बाईंनी विचारलं, "झोपले काय?"

"सोते कहाँ हैं, बाई," सून हळू आवाजात म्हणाली. "नुसते पडून राहतात, भिंतीकडे तोंड करून. मी चहा घेऊन जाते तर डोळे उघडेच असतात."

बाईंनी उंबऱ्याशी बूट काढले. आतल्या खोलीत जाऊन त्या चाचांच्या खाटेशी खाली जमिनीवर बसल्या. "चाचा, मी चुकली. तुमी झोपत नव्हते, मले ते दिसलं नाही. सगळ्यायसमोर बोलली तर माफीही सगळ्यायसमोर मागीन."

चाचा वळले नाहीत. भिंतीकडे पाहतच म्हणाले, "उठून करू काय मी, बाई? तुमीच सांगा. मशीन तर विकून टाकली पोरांनी."

 बाई उठल्या, उंबऱ्याशी बूट घातले आणि आम्ही घरी आलो. 

त्याच आठवड्यात त्या चाचांना आणि त्यांच्या मोठ्या मुलाला आपल्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी कंबर तपासली, आणि मनाच्या दुखण्याचं औषधही सुरू केलं. दुसऱ्या दिवशी मुलगा चाचांना मैदानावर घेऊन आला, आणि हजेरीच्या आधी बाईंनी चाचांची माफी मागितली. हात जोडून, जेवढ्या मोठ्या आवाजात चूक केली होती तेवढ्याच मोठ्या आवाजात. आणि मग म्हणाल्या, "चाचा, या लोकायले गुडघे टेकता येत नाही, जमीन टोचते. छोट्या गाद्या शिवाच्या आहेत गुडघ्याखाली ठेवाले. मशीन माह्या घरी आहे. कापसाले आपल्याकडे काय कमी?"

चाचा मैदानावरून सरळ बाईंच्या ओसरीवर आले. मशीनवरचं कापड काढलं, चाक फिरवून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "ही मशीन कोणी बिघडवली?"

"मीच," बाई म्हणाल्या.

तो पहिला दिवस चाचांनी मशीनला तेल पाजण्यात घालवला. त्यानंतर ते रोज येत. गाद्या झाल्या, मग त्यांच्या खोळी, मग वस्तीतल्या बायकांचं उसवलेलं-फाटलेलं. कंबर पूर्ण मोकळी कधीच झाली नाही त्यांची. पण एका शुक्रवारी सून मुद्दाम सांगायला आली की आज अब्बांनी खुर्ची बाजूला सारली आणि जमिनीवर वाकून नमाज पढली. बाईंनी नुसती मान डोलावली आणि आत जाऊन बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिल्या.

आईला मी अमरावतीला आणलं ते बाबा गेल्यावर.

बाबांना लकवा झाला होता. अकोल्याच्या घरात ते काही वर्षं अंथरुणावर होते आणि त्यांचं सगळं आईनं केलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीतून कितीदा तरी उठून ती त्यांना कुशीवर वळवायची. बाबा गेले तेव्हा तिचे गुडघे सुजलेले होते आणि कंबरेतून वाकल्याशिवाय तिला उभं राहता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, झीज आहे, ऑपरेशन आज नाही तर पुढे लागेल, पण घाई नाही. दुखण्याच्या गोळ्या मात्र कमी करा, मूत्रपिंडाला सोसणार नाहीत. बाईंनी तिच्यासाठी खालची मागची खोली मोकळी करून दिली, म्हणजे जिना नको.

मैदानापर्यंत चालवत नव्हतं, तरी बाईंच्या हिशेबानं आई पहिल्या दिवसापासून कमीवाल्यांत. तीन तास झोपायची, फार तर साडेतीन. बाईंची खोली भिंतीला लागून होती, त्यामुळे त्यांना सगळं कळायचं. वैशाख होता. आमच्याकडच्या वैशाखात रात्रीही भिंती तापलेल्या असतात, कूलरशिवाय माणूस झोपूच शकत नाही. आणि आई कूलर बंद करायची.

"ताई, कूलर काहून बंद केला?" बाई सकाळी विचारायच्या.

"गार हवेनं गुडघे धरतात," आई सांगायची.

बाईंनी कूलरचं तोंड फिरवून घेतलं. मग आईला गुडघ्यांवर बांधायला फ्लॅनेलच्या पट्ट्या शिवून आणल्या चाचांकडून. मग कूलर खिडकीतून काढून दाराशी ठेवला, हवा अंगावर यायलाच नको म्हणून. आई सगळ्याला हो म्हणायची, आणि कूलर बंद व्हायचा. घामानं उशी भिजायची, पण कूलर बंद.

एका सुट्टीच्या दिवशी दोघी कुरडया वाळत घालून आत येऊन बसल्या होत्या. मीही तिथेच होते. बाई हात पुसत सहज म्हणाल्या, "ताई, गुडघ्याचं राहू दे. कूलर चालू असला का तुले काय ऐकू येत नाही?"

आई हातातल्या फडक्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हाक."

"कोणाची?"

"त्यायची. रातच्यानं वळवाचं राहिलं का ते हाक मारत. कूलरच्या आवाजात एकदा ऐकूच नाही आली मले, तवापासून बंदच ठेवो मी." मग माझ्याकडे पाहून जरा घाईनं म्हणाली, "मले माहीत आहे ते गेले. माह्याच हातानं शेवटचं पाणी पाजलं. पण डोळा लागला का वाटते, वळवाचं राहून गेलं."

मला रडू आलं. मी तिला म्हटलं, आई, आता कोणी हाक मारणार नाही, तू निवांत झोप. आई मान हलवत राहिली. हे तिलाही ठाऊक होतं. ठाऊक असून उपयोग नव्हता.

 त्या दिवशी संध्याकाळी बाई आपली गादी, चादर आणि पाण्याचा तांब्या घेऊन आईच्या खोलीत आल्या आणि दाराशी गादी पसरू लागल्या.

"बाई, हे काय?" आई म्हणाली.

"आजपासून ऐकाचं काम माह्याकडे. तुयी पाळी संपली." चादर झटकत बाई म्हणाल्या. "पोरी घेऊन कौंडण्यपूरले सहलीले जात होती मी. सगळ्या झोपल्या का पहारा माह्याच असे. मले सवय आहे. कोणी हाक मारली तर तुले उठवीन. शब्द देतो."

मी दारात उभी होते. कोणी हाक मारणार नाही, असं बाई म्हणाल्या नाहीत. मारली तर उठवीन म्हणाल्या. आईनं त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि कूलर चालू करू दिला.

सकाळी मी खाली आले तेव्हा आई पलंगावर बसून बाईंना विचारत होती, "उठवलं नाही तुमी मले?"

"हाक नाही आली," बाई म्हणाल्या.

आईनं मान डोलावली. पुढचे कितीतरी दिवस रोज सकाळी हेच प्रश्नोत्तर व्हायचं. उठवलं नाही? हाक नाही आली. आई पाच तास झोपू लागली, मग त्याहून थोडी जास्त.

आणि बाई? त्यांनी शब्द दिला होता, तर त्या खरंच जागत होत्या. पहिल्याच सकाळी मैदानावर हजेरी झाली आणि बाई स्वतः चालत जाऊन भिंतीशी, कमीवाल्यांत उभ्या राहिल्या. सगळे बघतच राहिले. महसूलवाले गृहस्थ म्हणाले, "बाई, तुम्ही तिकडे?"

"नियम सगळ्यायले सारखा आहे. मी नाही झोपली. आज कोणीतरी समोर उभं राहून सांगा, मी ऐकतो."

कोणी पुढे होईना. शेवटी चाचा समोर आले आणि दबकत म्हणाले, "साँस लो." सगळ्यांनी श्वास घेतला. बाईंनीही.

मी त्यांना म्हटलं, आता पुरे करा, तुमची पाठ आहे. त्या म्हणाल्या, "मायी पाठ मले माहीत आहे." पण पाठीनं ऐकलं नाही. एका सकाळी बाईंना दाराशेजारच्या त्या गादीवरून उठताच येईना. मी धावत खाली आले तर त्या डोळे मिटून, दात आवळून पडल्या होत्या आणि आई त्यांच्याजवळ गुडघे टेकून बसली होती. जी आई खुर्चीतून उठताना भिंत धरायची, ती जमिनीवर बसली होती. तिनं एक हात बाईंच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि अलगद, एका दमात, त्यांना कुशीवर वळवलं. मग पाठीशी उशी लावली, गुडघ्यांमध्ये दुसरी घातली. तिला काही सांगावं लागलं नाही. बाईंच्या कपाळावरची ताणलेली शीर सैल पडलेली मला दिसली.

"कुठे शिकली व तू हे?" बाईंनी डोळे न उघडता विचारलं, आणि विचारल्यावर त्यांच्याच लक्षात आलं.

आई म्हणाली, "आता तुमी आपल्या पलंगावर झोपत जा, बाई. हाक नाही येत आता."

त्यानंतर तिचा कूलर मी कधी बंद झालेला पाहिला नाही.

गुडघे बरे झाले असं मी म्हणणार नाही. ते दुखतच राहिले. पण आई फाटकापर्यंत जाऊ लागली, मग मैदानापर्यंत, मग चाचांच्या सुनेकडे बसायला. गोळ्या कमी झाल्या. डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय पुढे ढकलला. एक दिवस ती बाईंसमोर, मधल्या रांगेत उभी होती, आणि बाई तिला ओरडत होत्या, "ताई, मणका."

दोन वर्षांनी माझी अकोल्याला परत बदली झाली. मी सामान बांधायला घेतलं आणि आई म्हणाली, "मी इथेच राहतो."

मला ते लागलं. मी म्हटलं, "आपलं घर आहे तिकडे."

"त्या घरी मी जागी राहीन," आई म्हणाली. "इथे झोप येते."

मी बाईंकडे पाहिलं, त्या तरी तिला समजावतील म्हणून. बाई म्हणाल्या, "बदलीसोबत हलवाले माय म्हणजे काही कपाट नाही. राहू दे तिले." पुढे वर्षभरानं बाईंची पाठ पुन्हा धरली आणि हृदयाचंही निघालं, तेव्हा पुण्याहून मुलगा यायचा, पण त्यांचं सगळं आईनंच केलं. शेवटपर्यंत. पण ते मला इथे सांगायचं नाही. मला बाई आठवतात त्या त्याआधीच्या एका शनिवारच्या.

मी अर्धी रजा टाकून अकोल्याहून निघाले होते. मूर्तिजापूरला बस फार वेळ थांबली, उन्हानं जीव नकोसा झाला, आणि साईनगरला पोचेपर्यंत चार वाजून गेले होते. येते असं कळवलं नव्हतं. दार आतून बंद होतं. मी कडीला हात घातला, तेवढ्यात आतून कूलरची घरघर ऐकू आली. मी हात काढून घेतला आणि पायरीवर बसले.

थोड्या वेळानं चाचा आले, हातात शिवलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन. मला पाहून हळूच म्हणाले, "कडी वाजवली का?"

"नाही."

"मी एकदा येऊन गेलो. बाई दुपारी अर्ध्या घंट्यावर कोणाला झोपू देत नाही, अन् आज स्वतःच." ते हसले. "उठवू?"

"नको, चाचा."

"सही आहे," म्हणून तेही कमरेला हात लावून, सावकाश, पायरीवर बसले. सावली भिंतीवरून अंगणात उतरली. समोरच्या घरातली बाई म्हणाली, जोरात ठोका, ऐकू येत नसेल. आम्ही दोघांनी हातानं नको म्हटलं. चाचा दबक्या आवाजात नातवाच्या शाळेचं सांगत राहिले आणि मी ऐकत राहिले.

कितीतरी वेळानं आतून बाईंचा आवाज आला, "बाप्पा, पाच वाजले काय? हे घड्याळ पुढे आहे." मग कडी वाजली आणि दार उघडून आई समोर उभी राहिली. पदर खांद्यावरून घसरलेला, केस एका बाजूला विस्कटलेले, डोळे अजून पुरते उघडलेले नाहीत. आणि गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, चादरीची घडी उमटलेली. मी लहानपणापासून आईचा चेहरा पाहत आले आहे. तशी घडी मी त्यावर तोवर कधी पाहिली नव्हती.

"काव, कधीची आली तू?" आईनं विचारलं.

"आत्ताच," मी म्हटलं.